'माझं बाहेर खाणं झालंय': मुलांमधला इटिंग डिसऑर्डर ओळखायचा कसा?

दहावीतली मुलगी. डबा रोज रिकामा घरी येतो, पण त्यातली पोळी शाळेच्या गेटपाशी बसणाऱ्या कुत्र्यानं खाल्लेली असते. संध्याकाळी 'मैत्रिणीकडे खाल्लं' असं उत्तर मिळतं. आधी संकष्टी होती, मग मंगळवार आला, आता गुरुवारचाही उपास सुरू झालाय. आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात. ही मात्र साबुदाण्याच्या खिचडीलाही हात लावत नाही. आणि लग्नात भेटलेली मावशी म्हणते, "किती बारीक झालीस गं, छान दिसतेस!"

हे उदाहरण रचलेलं आहे. पण आजार घरात शिरतो तो बहुतेकदा असाच, सगळ्यांच्या कौतुकात.

नेमकं काय होतं?

इटिंग डिसऑर्डर म्हणजे जेवणाचे नखरे नव्हेत. हा मानसिक आजार आहे आणि त्याचा मार थेट शरीराला बसतो. अ‍ॅनोरेक्सियात वजन वाढण्याची भीती इतकी असते की मूल खाणं तोडतं आणि हाडं दिसू लागली तरी स्वतःला जाडच समजतं. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यूदर असलेल्या आजारांत याची गणना होते. बुलिमियात एका बैठकीत भरमसाट खाल्लं जातं आणि मग उलटी काढून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा अति व्यायाम करून ते 'फेडलं' जातं. बिंज इटिंगमध्ये खाण्यावरचा ताबा सुटतो, नंतर लाज वाटते, पण हे 'फेडणं' नसतं.

आर्फिड हा प्रकार २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदानसूचीत आला. त्यात दिसण्याची काळजी नसतेच. घास अडकेल, उलटी होईल ही भीती किंवा पदार्थाचा वास-स्पर्श नकोसा वाटणं, यामुळे मूल मोजकंच खातं आणि त्याची वाढ खुंटू शकते.

वजनकाट्यावर विसंबून राहू नका. बुलिमिया असलेल्या मुलाचं वजन अगदी 'नॉर्मल' असू शकतं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. त्यांच्यात बारीक होण्याऐवजी सिक्स पॅकचा ध्यास दिसतो आणि घरचे त्याला 'फिटनेस' म्हणतात.

हे येतं कुठून?

एकच कारण नाही. आनुवंशिकता आहे, चिंतेचा स्वभाव आहे, शाळेतली चिडवाचिडवी आहे. आणि पडदा आहे. फिजीच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी उलटी काढते असं तेव्हा एकीनंही सांगितलं नव्हतं. १९९८ च्या पाहणीत ११.३ टक्के मुलींनी ते सांगितलं. या समाजात भरलेलं अंग हे चांगल्या प्रकृतीचं लक्षण मानलं जायचं. तेव्हा तर रील्सही नव्हत्या.

'समजावून सांगितलं तरी ऐकत नाही'

याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं गेलं. त्यांना दिसण्याची काही फिकीर नव्हती. तरीही ते चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, ताटातला घास चिवडत बसू लागले. म्हणजे उपासमारच डोकं बदलते. इतरांसाठी हौसेनं केक करणारी पण स्वतः तुकडाही न खाणारी मुलगी हट्टी नसते, तिचा मेंदू उपाशी असतो. म्हणून वाद घालून, शपथा घालून फार काही साधत नाही.

किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियात सर्वाधिक पुरावा असलेली उपचारपद्धत यावरच उभी आहे. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये ती आकाराला आली. तिच्यात आईवडिलांना दोष दिला जात नाही. उलट काय आणि किती खायचं हा निर्णय काही काळ त्यांच्या हाती दिला जातो आणि मूल सावरलं की हळूहळू परत केला जातो. मात्र हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून जीवावर बेतू शकतं.

बोलायचं कसं?

ताटावर नको. शांत वेळ बघून जे डोळ्यांना दिसतंय तेवढंच बोला: "तू हल्ली आमच्याबरोबर जेवत नाहीस, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जातेस, मला काळजी वाटतेय." ती चिडेल, नाकारेल. त्या दिवशी विषय सोडा, पण कायमचा नको. 'सुटलीस', 'वाळलीस' हे शब्द मात्र घरातून हद्दपार करा, पाहुण्यांनाही तसं आधीच सांगा. आपल्याकडे वजनावर बोलणं हे 'कसं काय?' विचारण्याइतकं सहज झालंय, त्यामुळे हेच सगळ्यात अवघड जाईल.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा नाडी फार मंद होणं, उलटीत रक्त, पाणीही नाकारणं, मरणाची भाषा: यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. एरवी सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा, पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ लागतील. सरकारी मेडिकल कॉलेजांतही मानसोपचार ओपीडी असते. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरवर, चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

जाताना एका कागदावर लिहून न्या: किती महिन्यांत वजन किती बदललं, पाळी कधीपासून चुकतेय, दिवसभरात खरोखर काय पोटात जातं. आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले तरी हा कागद डॉक्टरांपुढे ठेवा. या आजारात रिपोर्ट बरेच दिवस नॉर्मल राहू शकतात.