रोग्याच्या उशाशी

कामगारांची वर्गणी गोळा करण्यात आमची तीस वर्षे गेली. त्यामुळे कोणत्याही समाजाचा इतिहास वाचताना आमची नजर प्रथम एकाच गोष्टीकडे जाते: तेथे माणूस आजारी पडला की त्याचे काय होत असे?

ज्यू लोकांत रोग्याच्या समाचारास जाणे हे धर्मकर्तव्य आहे. हिब्रूत त्याला ‘बिक्कुर होलिम’ म्हणतात. तालमुद या ग्रंथात त्यावर मोठी रसाळ चर्चा आहे. समाचाराला येणारा दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे त्यात मानले आहे. लगेच शंका निघते, मग साठ जण नेले की रोगी बरा! (मोर्चे काढण्याची सवय असल्यामुळे आमच्याही मनात हेच आले होते.) त्यावर उत्तर असे की, प्रत्येकाने उरलेल्याचा साठावा हिस्सा न्यायचा. आम्ही हिशेब करून पाहिला. साठ जण येऊन गेले तरी तिसऱ्या हिश्शाहून अधिक दुखणे रोग्यापाशी उरतेच!

तेथेच रब्बी अकिवांची हकीकत आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले हे थोर आचार्य. त्यांचा एक शिष्य आजारी पडला, पण कोणी पंडित त्याच्याकडे फिरकला नाही. अकिवा स्वतः गेले. ते आले म्हणून जमीन झाडली गेली, पाणी शिंपडले गेले, आणि शिष्य वाचला. बाहेर येऊन अकिवांनी सांगितले की, रोग्याकडे न जाणारा रक्तपात केल्यासारखाच दोषी होय. औषधाचा तेथे उल्लेखही नाही. आहे तो केरसुणीचा.

पुढे गावोगावी या कामासाठी मंडळ्या निघाल्या. पूर्व युरोपात शिंपी, चांभार अशा कारागिरांच्या मंडळ्याही आजारी सभासदाला आधार देत. त्याच मुलुखातून बरेच तरुण पॅलेस्टाइनात शेतमजुरीला गेले. तेथे तेव्हा तुर्कांचा अंमल होता. १९११ साली यहुदा भागातील मजुरांनी आपला आजारनिधी काढला: ‘कुपत होलिम’, म्हणजे रोग्यांची पेटी. १९२० साली स्थापन झालेल्या हिस्टाद्रुत या कामगार महासंघाकडे तो गेला. दवाखाने, इस्पितळे उभी राहिली. निधीचे सभासदत्व संघटनेच्या सभासदत्वाशी जोडलेले होते. १९९५ मध्ये सर्व रहिवाशांसाठी आरोग्यविम्याचा कायदा लागू झाला तेव्हा ती गाठ सुटली. केवढे हे काम! पण जुन्या नावातला ‘बिक्कुर’, म्हणजे भेटीला जाणे, नव्या नावात राहिला नाही, हेही आमच्या नजरेतून सुटले नाही.

सुटणार कसे? आमच्याच संघटनेतला यंत्रमागावरचा एक कामगार क्षयाने अंथरुणाला खिळला. मदतनिधीतून दरमहा पैसे जात होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पाचव्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. आम्हाला दारात पाहताच त्याच्या बायकोने घाईघाईने केरसुणी फिरवली, आणि तो भिंतीला टेकून उठून बसला. “आलात होय,” एवढेच म्हणाला.

त्यानंतर मदतनिधीच्या वहीत आम्ही एक रकाना वाढवला: कोण भेटून आले.