साठ दिवसांची मुदत

कायद्यातील मुदत ही आळशास शासन करण्याकरिता असते, असे म्हणतात. परंतु गिरणीच्या पट्ट्यात हात सापडून जो अंथरुणास खिळला, त्यास आळशी कसे म्हणावे? ह्या प्रश्नाचे उत्तर हिंदुस्थानच्या कायद्याने सावकाश दिले, आणि तेही दोन निरनिराळ्या रीतींनी.

सन १९२३ चा कामकऱ्यांच्या नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ रोजी अमलात आला. तत्पूर्वी जखमी मजुराने दिवाणी दावा करून मालकाचा हलगर्जीपणा शाबीत करावा, असा दंडक होता. नव्या कायद्याने सामान्यतः ते ओझे त्याच्या शिरावरून उतरविले व निवाड्यास कमिशनर नेमले. तथापि कमिशनरकडे मागणी करण्यास मुदत दिली अवघी सहा महिन्यांची. मुंबईचा गिरणीकामगार बहुधा कोकणचा किंवा घाटावरचा; दुखापत झाली म्हणजे तो गावची वाट धरी. तेथे त्यास कायदा कोण सांगणार? योग्य कारण दाखविल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार कमिशनरास होता खरा; तरीही पुढील दुरुस्त्यांनी ही मुदत प्रथम एक वर्षाची व मागाहून दोन वर्षांची करावी लागली.

कमिशनरच्या निकालावर हायकोर्टात अपील करण्याची मुदत मात्र साठ दिवसांचीच राहिली. ह्यात विसंगती नाही. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला, त्या घरास निकाल लौकर कायम होणे हेच हिताचे. व्हिटली कमिशनचा अहवाल १९३१ साली आला. नारायण मल्हार जोशी हे त्याचे एक सभासद होते. त्यामागून झालेल्या १९३३ च्या दुरुस्तीने मालकाच्या अपिलास आणखी एक अट घातली. निकालाची रक्कम कमिशनरकडे भरल्याचा दाखला जोडल्यावाचून त्याचे अपील चालेनासे झाले. केवळ वेळ काढण्याकरिता अपील करण्याची सोय त्यामुळे बरीच उणावली.

परंतु मजुरास ह्या साठ दिवसांचा उपयोग किती? अपिलात कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा हवा, आणि वादाची रक्कम निदान ३०० रुपये हवी. मूळ कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल ४२ महिन्यांचे वेतन, परंतु ३,५०० रुपयांहून अधिक नाही, असा हिशेब होता. अंगठा गेल्यास त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे दरमहा २५ रुपये मिळविणाऱ्याच्या अंगठ्याचे मोल भरे २६२ रुपये ८ आणे. कमिशनरने त्याची मागणी सबंध फेटाळली, तरी हायकोर्टाचे दार त्यास बंदच! ही तीनशेंची मर्यादा २०१७ साली दहा हजारांवर नेण्यात आली.

१९२३ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. जुन्या कायद्याच्या इतिहासावरून एवढे निश्चित दिसते की, मुदतीचे दिवस मोजून न्यायाची परीक्षा होत नाही. त्या दिवसांत दारापर्यंत कोण पोहोचू शकतो आणि पोहोचल्यावर कोणास आत घेतात, ह्यावरूनच ती करावी लागते.