वणवे वाढले की नजर वाढली?

अंबरनाथ एमआयडीसीतून फाल्गुन-चैत्रातल्या रात्री मलंगगडाच्या रांगेकडे पाहिलं, की कधी कधी लाल रेघ दिसते. वणवा! मग कुणीतरी हमखास म्हणतं, "पूर्वी इतके नव्हते." आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर, आम्ही विचारतो, पूर्वी मोजलं कुणी?

ठाणे जिल्ह्याला आग नवी नाही. भाताच्या रोपांसाठी शेतकरी राब भाजत आले. त्यासाठी लागणाऱ्या टहाळाच्या हक्कावरून इतकी गाऱ्हाणी झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारनं ठाणे-कुलाब्यासाठी वन आयोग नेमला. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे. पण गुन्ह्यांची नोंद म्हणजे आगींची मोजदाद नव्हे.

ती मोजदाद उपग्रहांनी आणली. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून वणव्यांच्या सूचना देतं. 'मोडिस'चा ठिपका एक किलोमीटरचा, नंतरच्या 'व्हिअर्स'चा ३७५ मीटरचा. ठिपका बारीक झाला की लहान आगीही दिसू लागतात. तेव्हा दोन्हींचे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत.

मग काळजी नको? तसं नव्हे. जगात जळणारं एकूण क्षेत्र १९९८ ते २०१५ मध्ये सुमारे चौथ्या हिश्शानं घटलं, मुख्यतः गवताळ रानांत शेती वाढल्यानं. पण अतितीव्र वणवे २००३ ते २०२३ मध्ये दुपटीहून वाढले. 'किती' आणि 'किती भीषण' हे प्रश्नच वेगळे.

आपल्या डोंगरावर काडी बहुधा माणूसच ओढतो. तेव्हा आकड्यांचा वाद मिटेपर्यंत जाळरेषा काढायच्या थांबवू नयेत, इतकंच आमचं म्हणणं.