लाकडी पंखांचे वारसदार : ऑस्ट्रेलियातील जुनी ग्लायडर आणि त्यांचे मालक

जुनी विमाने आपण बहुधा संग्रहालयात पाहतो. ती दोरीपलीकडे उभी असतात आणि शेजारच्या पाटीवर चार ओळींची माहिती असते. ऑस्ट्रेलियात मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वीची काही लाकडी ग्लायडर आजही आकाशात घिरट्या घालताना दिसतात. ती कोणा सरकारी संस्थेने जपलेली नाहीत. खासगी मालकांनी, बहुधा दोघा-चौघांनी मिळून सामायिक मालकीत, ती आपल्या हातांनी टिकवली आहेत. विज्ञानाच्या इतिहासात या माणसांची नोंद क्वचितच होते. त्यांनी काय जपले हे समजून घ्यायचे, तर कथा थोडी मागून सुरू करावी लागेल.

ग्लायडरला इंजिन नसते. विंचच्या दोराने किंवा दुसऱ्या विमानाच्या मागे बांधून ते वर नेले जाते आणि दोर सुटल्यावर ते सतत खाली उतरू लागते. वैमानिकाचे कौशल्य असते ते वर चढणारी हवा शोधण्यात. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ वर जातात. त्यांना थर्मल म्हणतात. घार पंख न हलवता वर चढते ती यांच्याच बळावर. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडी, सपाट, तापलेली जमीन अशा प्रवाहांसाठी जगभर नावाजलेली आहे.

उड्डाणाच्या प्रयोगांची परंपराही तेथे जुनी आहे. १८९४ मध्ये लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी सिडनीच्या दक्षिणेस स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर चार पेटीपतंगांच्या साहाय्याने स्वतःला सोळा फूट उंच उचलून घेतले. ५ डिसेंबर १९०९ रोजी जॉर्ज टेलर यांनी नॅराबीनच्या वाळूच्या टेकड्यांवरून ग्लायडरमधून उड्डाण केले. त्यांच्या पत्नी, वास्तुविशारद फ्लॉरेन्स टेलर, यांनीही त्याच ग्लायडरमधून उड्डाण केले.

तरंगत्या उड्डाणाचे शास्त्र मात्र प्रामुख्याने जर्मनीत घडले. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधने घातली, आणि तेथील तरुण इंजिनाविना उडण्याकडे वळले. सायलेशिया प्रांतातील ग्रुनाऊ या गावी एडमंड श्नायडर यांचा ग्लायडर बांधण्याचा कारखाना होता. १९३१ मध्ये त्यांनी ‘ग्रुनाऊ बेबी’ हे साडेतेरा मीटर पंखविस्ताराचे लहान, सोपे, स्वस्त ग्लायडर तयार केले. स्थिर हवेत एक किलोमीटर उंची गमावताना ते सुमारे सतरा किलोमीटर अंतर कापी. आजची सर्वोत्तम ग्लायडर तेवढ्याच उंचीत साठ किलोमीटरहूनही अधिक जातात. तरीही १९३३ मध्ये कुर्ट श्मिट यांनी याच जातीच्या ग्लायडरमध्ये ३६ तास ३५ मिनिटे सलग हवेत राहून जागतिक विक्रम केला होता.

ग्रुनाऊ बेबीचे वैशिष्ट्य असे की, तिचा आराखडा विकत घेऊन कोणताही कुशल हौशी कारागीर ती घरी बांधू शकत असे. हे आराखडे ऑस्ट्रेलियातही पोहोचले. तेथील हौशी मंडळींनी शेडमध्ये, गॅरेजमध्ये फासळ्या कापल्या, प्लायवूड वाकवले, पंखांवर कापड ताणून त्यावर रोगण चढवले. काहींनी स्वतःचे आराखडेही काढले. मेलबर्नचे जेफ रिचर्डसन यांनी घडवलेले ‘गोल्डन ईगल’ १९३७ मध्ये प्रथम उडाले आणि पुढे कित्येक दशके उडत राहिले.

आराखडे आधी आले आणि आराखडेकार मागून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर सायलेशिया पोलंडकडे गेला, तेथील जर्मन लोकांना घरेदारे सोडावी लागली आणि पराभूत जर्मनीत ग्लायडिंगवरच १९५१ पर्यंत बंदी होती. कारखानाही गेला आणि कामही गेले, अशा अवस्थेतील श्नायडर कुटुंब १९५० च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात आले आणि ॲडलेडजवळच्या पॅराफील्ड विमानतळावर त्यांनी नव्याने काम सुरू केले. ऑस्ट्रेलियाचा ग्लायडिंग महासंघ तेव्हा नुकताच, १९४९ मध्ये, स्थापन झालेला होता.

१९५२ मध्ये त्यांचे ‘कूकाबरा’ उडाले. ऑस्ट्रेलियातील एका पक्ष्याचे नाव धारण करणाऱ्या या ग्लायडरात दोन आसने शेजारी शेजारी होती. या साध्या वाटणाऱ्या रचनेचे महत्त्व मोठे होते. त्यापूर्वी अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला एकासनी, उघड्या सांगाड्यासारख्या ग्लायडरात एकट्यालाच बसवीत, आणि शिक्षकाच्या सूचना जमिनीवरूनच मिळत. कूकाबरात शिक्षक शेजारी बसे. विद्यार्थ्याचे हात, त्याची नजर, त्याचा गोंधळ हे सारे त्याला दिसे. ऑस्ट्रेलियातील वैमानिकांची एक पिढी या शेजारच्या आसनावर घडली. त्यानंतर १९६२ मध्ये ‘ॲरो’ आणि १९६४ मध्ये ‘बूमरँग’ ही एकासनी ग्लायडर याच कारखान्यातून बाहेर पडली.

परंतु लाकडाचे दिवस भरत आले होते. १९५७ मध्ये जर्मनीत ‘फिनिक्स’ हे काचतंतूंचे पहिले ग्लायडर उडाले होते. काचतंतू आणि राळ यांच्या साच्यात पंखाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत व अचूक घडवता येतो की, लाकूड आणि कापड यांना ती बरोबरी साधत नाही. १९७४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील वायकेरी येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाल्या, तेव्हा दोन्ही गटांतील विजेते काचतंतूंच्या ग्लायडरांतून उडाले होते. मंडळांनी नवी ग्लायडर आणली आणि लाकडी ग्लायडर शेडच्या मागच्या भिंतीकडे सरकली.

तेथूनच मालकांची खरी कथा सुरू होते. ग्लायडरचे पंख काढता येतात आणि ते लांबट ट्रेलरात मावते. त्यामुळे ते जपणे एका माणसाच्या आवाक्यातले असते. शर्यतीतून बाद झालेली ग्लायडर स्वस्तात मिळू लागली. कोणी लहानपणी ज्यात पहिला धडा घेतला तेच ग्लायडर शोधून घेतले, तर कोणाला लाकूडकामाची ओढ होती. १९७३ मध्ये ख्रिस विल्स यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये जुन्या ग्लायडरांचे मंडळ स्थापन झाले. ऑस्ट्रेलियातही अशा मालकांची संघटना उभी राहिली, मेळावे भरू लागले आणि सुट्या भागांची, आराखड्यांची, आठवणींची देवघेव होऊ लागली.

हा केवळ स्मरणरंजनाचा छंद नाही. लाकडी ग्लायडर उडते ठेवणे ही पदार्थविज्ञानाची रोजची परीक्षा आहे. पंखाचा कणा लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेला असतो, आणि सारी भिस्त त्या सांध्यांवर असते. जुन्या ग्लायडरांत दुधातील केसीन या प्रथिनापासून केलेला सरस वापरलेला असे. तो ओलावा लागला की बुरशीला बळी पडतो. नंतर आलेला युरिया-फॉर्माल्डिहाइडचा सरस बुरशीला दाद देत नाही, परंतु दीर्घकाळची उष्णता आणि आर्द्रता यांनी ठिसूळ होतो. हे दोष बाहेरून दिसत नाहीत, कारण त्यांवर प्लायवूडचे कातडे आणि चकचकीत रंग असतो. म्हणून तपासनीस छोट्या छिद्रांतून दिवा आणि आरसा आत घालतो, बोटाने टकटक करून आवाज ऐकतो आणि कुबट वास येतो का तेही पाहतो. असा एखादा सांधा नजरेतून सुटला, तर पंख हवेत मोडू शकतो.

ऑस्ट्रेलियात ही वार्षिक तपासणी महासंघाच्या व्यवस्थेखाली होते, आणि तिचे प्रशिक्षण घेतलेले अनेक जण स्वतः मंडळाचे सदस्यच असतात. तेथे ज्ञान हातातून हातात जाते. सरस किती घट्ट कालवावा, सांधा किती तिरका कापावा, कापड कोणत्या क्रमाने ताणावे, या गोष्टी पुस्तकात असतात. परंतु वाईट सांध्याचा आवाज कसा असतो, हे शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. जुन्या मालकांच्या आठवणींचे मोल येथे आहे. कोणते ग्लायडर कोणत्या वर्षी आदळले, कोणता पंख कोणी दुरुस्त केला, कोणत्या उन्हाळ्यात ते उघड्यावर राहिले, हे त्यांना ठाऊक असते. वरवर गप्पा वाटणारी ही माहिती पुढच्या वैमानिकाच्या सुरक्षिततेचा आधार ठरते.

या आठवणींत आनंदही असतो. उघड्या कॉकपिटात गालावर लागणाऱ्या वाऱ्यावरून वेग ओळखणे, जुन्या चढ-उतारमापकाच्या काचनळीत हिरवी गोळी उचलली गेली की चढती हवा सापडल्याचे कळणे, पुढे बांधलेला लोकरीचा धागा सरळ आहे की तिरपा यावरून उड्डाण नीट आहे का ते पाहणे. या साध्या साधनांनी हवेचे वर्तन जसे अंगी मुरते, तसे ते पडद्यावरच्या आकड्यांनी मुरत नाही, असे मानणारे शिक्षक आजही आहेत.

भारतातील वाचकाला या कथेत एक ओळखीची बाजू दिसेल. श्नायडर पॅराफील्डला लाकडी ग्लायडर बांधत होते, त्याच काळात आपल्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रातही भारतीय अभियंते ग्लायडरांचे आराखडे काढीत होते. त्यांची नावे नक्षत्रमालेतून आली : अश्विनी, भरणी, कृत्तिकेवरून कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष आणि आर्द्रा. एस. राममृतम् यांच्या आराखड्यावरचे ‘रोहिणी’ १९६१ मध्ये उडाले. कूकाबराप्रमाणेच त्यातही दोन आसने शेजारी शेजारी होती. ‘आर्द्रा’ १९७९ मध्ये उडाले. पुण्याच्या हडपसर येथील ग्लायडिंग केंद्रासह देशातील अनेक केंद्रांत आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत हजारो तरुणांनी ग्लायडिंगचे पहिले धडे घेतले.

ही सारी नक्षत्रे लाकडाची होती. लाकडाला बुरशी लागते, कागदाला वाळवी लागते, आणि ज्यांनी ते सांधे जुळवले त्यांचे वय वाढत जाते. ऑस्ट्रेलियातील मालकांपाशी मोठा निधी नव्हता. त्यांनी नोंदवही राखली, आराखड्यांच्या प्रती काढल्या आणि वडीलधाऱ्यांना वेळेवर प्रश्न विचारले. आपल्याकडेही हे अवघड नाही. वाचकांपैकी कोणी रोहिणीत वा आर्द्रात बसले असेल, कोणाच्या घरातील ज्येष्ठांनी त्यांची बांधणी वा दुरुस्ती केली असेल, तर वर्ष, ठिकाण आणि ग्लायडरचे नाव यांसह ती आठवण खाली अवश्य लिहावी. जुनी छायाचित्रे आणि उड्डाणाच्या नोंदवह्याही टाकून देऊ नयेत. भारतीय ग्लायडरांचा इतिहास लिहिताना त्यांचाच आधार घ्यावा लागेल.