दिवा न लावता निघालेले दिवाळे

'दिवाळे' या शब्दामागे एक दिवा आहे, असे जुनी माणसे सांगत. पेढीच्या मालकाला देणी भागविणे अशक्य झाले की तो भर दिवसा दुकानात तुपाचा दिवा लावी आणि गादी उलटी करून बसे. रस्त्याने जाणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळे की शेठजींनी हात वर केले. मग धनको जमत, वाद होत, रुपयाला चार-सहा आणे देऊन तडजोड होई आणि काही वर्षांनी तेच शेठजी पुन्हा गादीवर दिसत. दिवाळे ही नामुष्की खरी. पण तिला एक विधी होता आणि त्या विधीला शेवटही होता.

आम्हांस आज ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे, त्यांच्याजवळ पेढी नव्हती, गादी नव्हती, म्हणून दिवा लावण्याची सोयही नव्हती. सैन्याने वैद्यकीय कारणास्तव नोकरीतून कमी केलेले हे शिपाई. एका हातात दवाखान्याचा कागद आणि दुसऱ्या हातात सावकाराचा कागद, अशा अवस्थेत त्यांतील कित्येक मुंबईच्या धक्क्यावर उतरले. इतिहासाच्या ग्रंथांत त्यांच्या पलटणींची नावे सापडतात. त्यांच्या कर्जाची हकीगत मात्र कायद्याच्या कलमांतून आणि गिरणगावाच्या चाळींतून शोधावी लागते.

व्यापाऱ्यांच्या दिवाळ्याची सरकारने फार लवकर दखल घेतली होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत नादार ऋणकोंसाठी न्यायालये स्थापण्याचा कायदा १८२८ सालचा आहे. १८४८ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले, तेव्हा १ जुलै १८६५ या दिवशी मुंबईच्या शेअरबाजारातील भल्याभल्यांचे दिवाळे वाजले. त्याच वर्षी येथील बुडालेल्या व्यापाऱ्यांसाठी खास कायदा करण्यात आला. पुढे १९०९ साली इलाख्याच्या शहरांसाठीचा नादारीचा कायदा झाला आणि मुंबईतील नादारीचे काम कोटातील उच्च न्यायालयाकडे राहिले. ऋणकोची मिळकत ऑफिशियल असायनी ताब्यात घेई, धनकोंना वाटून देई आणि न्यायालयाने मुक्ततेचा हुकूम दिला की तो मनुष्य जुन्या कर्जातून मोकळा होई. बुडालेल्याने पुन्हा उभे राहावे, हे तत्त्व त्या कायद्यात होते. ते तत्त्व उदात्त आहे, यात शंका नाही. प्रश्न इतकाच की त्या दारातून आत जाण्याची ऐपत कोणाची होती?

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेसोपोटेमियाच्या मोहिमेवरील पहिली फौज मुंबई बंदरातून निघाली. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील ज्या गावांनी लालबाग-परळच्या गिरण्यांना कामगार पुरविले, त्याच गावांनी पलटणींना जवान पुरविले. एक भाऊ साच्यावर आणि दुसरा भाऊ पलटणीत, अशी घरे त्या काळी विरळ नव्हती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करीपर्यंत, जवळजवळ पाच महिने, त्यांनी उपासमार आणि रोगराई सोसली. त्या मोहिमेत जखमींचे जे हाल झाले, त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. संपूर्ण महायुद्धात ७०,००० हून अधिक हिंदी सैनिक कामी आले आणि ६०,००० हून अधिक जखमी झाले. जखमींची जहाजे मुंबईला लागत. आज ज्या इमारतीत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, ती नवीकोरी वास्तू त्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. संग्रहालय म्हणून तिचे दार १९२२ साली उघडले.

त्या रुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्या ज्या शिपायाचा हात किंवा पाय गेला असेल, त्याचा हिशेब आपण मांडून पाहू. महायुद्धाच्या आरंभी साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. १९०९ च्या कायद्यानुसार स्वतः होऊन नादारीचा अर्ज करावयाचा, तर कर्ज निदान ५०० रुपयांचे असावे लागे. म्हणजे शिपायाच्या सुमारे पंचेचाळीस महिन्यांच्या पगाराएवढे! दोन-तीनशे रुपयांच्या कर्जाखाली ज्याचे कंबरडे मोडले आहे, तो कायद्याच्या दृष्टीने अद्याप बुडालेलाच नाही. अशा माणसाला दोन वाटा उरत. कोर्टाच्या हुकमाने त्याच्या चीजवस्तूवर जप्ती यावी किंवा कर्जापायी त्याला तुरुंगात टाकले जावे. तसे झाले तरच ५०० रुपयांची अट आड न येता त्याला अर्ज करता येई. १९०८ च्या दिवाणी संहितेप्रमाणे पन्नास रुपयांहून अधिक देण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि त्याहून कमी देण्यासाठी सहा आठवड्यांपर्यंत कैद होऊ शके. नादारीच्या दारापर्यंत जाण्याची गरिबाची वाट अशी तुरुंगावरून जात होती.

कायद्याने सैनिकाला अगदीच वाऱ्यावर सोडले होते, असे म्हणणे मात्र न्यायाला धरून होणार नाही. हिंदी सैनिकांच्या दाव्यांसंबंधी एक कायदा १९१८ मध्ये झाला आणि १९२५ साली तो नव्याने करण्यात आला. शिपाई युद्धावर असताना त्याच्या पाठीमागे एकतर्फी निकाल लागू नये, म्हणून न्यायालयाने दावा तहकूब ठेवावा, अशी त्यात तरतूद आहे. ही ढाल भक्कम होती. परंतु ती सेवेत असलेल्यासाठी होती. वैद्यकीय मंडळाने 'अपात्र' असा शेरा मारला आणि नाव पलटणीच्या पटावरून कमी झाले की तिचा आधार संपे. अंगात बळ होते तोवर कायद्याने राखले आणि बळ सरले तेव्हा तहकूब दावे जागे झाले, हे या कथेतील सर्वांत दारुण सत्य आहे.

दुसरी ढाल पेन्शनची. १८७१ च्या पेन्शन कायद्याने सरकारी पेन्शनवर धनकोला जप्ती आणता येत नाही. पुढील महिन्यांची पेन्शन आगाऊ लिहून दिली, तर तो लेखही निरर्थक ठरतो. दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमानेही पेन्शनला हेच संरक्षण दिले आहे. तथापि हे संरक्षण रक्कम सरकारच्या हाती असेतोवरचे. ती एकदा शिपायाच्या तळहातावर पडली की ती इतर पैशांसारखीच. सावकाराला हे पक्के ठाऊक होते. तो कोर्टात कशाला जाईल? तो पेन्शनच्या दिवशी दारातच उभा राही.

लष्करी पेन्शन आणि कर्ज यांचा मुंबईतील संसारात कसा मेळ घातला जाई, याचे एक उदाहरण सर्वज्ञात आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे काही वैद्यकीय कारणाने निवृत्त झालेले नव्हते. परंतु सैन्यातून बाहेर पडून परळच्या डबक चाळीत राहणाऱ्या पेन्शनराचा संसार कसा चाले, हे त्यांच्या चरित्रावरून कळते. मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता आणि त्याला पुस्तकांचे विलक्षण वेड होते. घरात पैसा नसला की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात. लेकीजवळ रोकड नसली, तर तिचा दागिना मागून आणीत, तो सावकाराकडे गहाण ठेवून पुस्तक विकत घेत आणि पेन्शन मिळताच दागिना सोडवून लेकीला परत करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्वत्ता जगाला ठाऊक आहे. तिच्या पायाशी बहिणींचे गहाण पडलेले दागिने आहेत, हे आपण विसरू नये. धडधाकट, हुद्देदार पेन्शनराची ही गत, तर हातपाय गमावलेल्या साध्या शिपायाचे काय झाले असेल?

गावाकडे शेतीचे काम होईना, म्हणून तो भावाच्या आश्रयाने लालबाग-परळच्या खोलीत येई. तेथेही कर्ज वाट पाहतच असे. १९२१-२२ साली सरकारच्या कामगार कचेरीने मुंबईतील श्रमजीवी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा दर सर्रास चाले. वर्षाचा हिशेब केला तर तो शेकडा ७५ होतो. पगाराच्या दिवशी सावकाराची माणसे काठ्या घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभी राहत. हा जाच इतका होता की व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात अशा वेढ्याला फौजदारी गुन्हा ठरविण्याची शिफारस केली. पुढे १९३७ मध्ये मजुरीचा बराचसा भाग जप्तीतून वगळण्यात आला आणि सावकारांना परवाना सक्तीचा करणारा मुंबईचा कायदा १९४६ सालचा आहे. आमचा शिपाई मात्र त्या आधीच्या पिढीतील होता.

त्या अंधारात दोन दिवे लागले, त्यांची नोंद घेतली पाहिजे. पहिला १९१७ साली मुंबईतच लागला. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरी तंत्रशाळा सुरू केली. शिवणकाम, मोटारींचे व इंजिनांचे काम असे हातास हुन्नर देणारे शिक्षण तेथे मिळे. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकीला गेली. दान एका दिवशी संपते, हुन्नर संपत नाही, हे तिच्या चालकांनी ओळखले होते. १९०९ च्या कायद्यानेही नादाराची हत्यारे, कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी, एकूण ३०० रुपयांपर्यंत, जप्तीतून सोडली होती. पण हत्यार राखून उपयोग काय, जर ते चालविण्याची कला हातात नसेल?

दुसरा दिवा आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी वसईत कॅथोलिक सहकारी पतपेढीची स्थापना केली. आजची बॅसिन कॅथोलिक बँक ती हीच. ती सैनिकांसाठी काढलेली नव्हती. सावकाराच्या पाशातून सामान्य माणसाला सोडवावे, हा तिचा हेतू होता. गरिबाला भिक्षा नको, वाजवी दराने उधार हवे, आणि ते देणारा माणूस त्याला ओळखणारा हवा, एवढा साधा विचार त्यामागे होता. मोठ्या न्यायालयाच्या दारात ५०० रुपयांची पायरी होती. पतपेढीच्या दारात ती नव्हती.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असा एक शिपाई आहे. इटलीतील कामिल्लस दे लेल्लिस हा व्हेनिसच्या बाजूने तुर्कांविरुद्ध लढला. त्याच्या पायाची जखम कधीच बरी झाली नाही आणि १५७४ साली नेपल्समध्ये त्याने होते-नव्हते ते जुगारात घालविले. मान्फ्रेदोनियात त्याने भीक मागितली आणि मग कपुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी केली. पुढे रोमच्या ज्या इस्पितळात तो उपचारांसाठी गेला, तेथेच तो रुग्णसेवक झाला आणि त्याने स्थापिलेल्या संघाचे सदस्य रणांगणावरील जखमींची शुश्रूषा करू लागले. १७४६ साली त्याला संतपद मिळाले. त्याचे कर्ज काही भक्तीने फिटले नाही. त्याला कोणीतरी काम दिले, तेथून त्याचे जीवन पालटले.

आज काळ बदलला आहे. धरमवीर सिंह या जवानाला नऊ वर्षांच्या सेवेनंतर आजारामुळे सैन्याने कमी केले आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही असे सांगून पेन्शन नाकारली. २०१३ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच जडला असे सर्वसाधारणपणे मानावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांचा आजार सेवेमुळे झाला असे मानले जात नाही, त्यांना अशक्ततेची पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागत असे. नाहीतर एकरकमी उपदानावर बोळवण होई. ती दहा वर्षांची अट जुलै २०२० मध्ये शिथिल झाली. परंतु ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांनाच तिचा लाभ आहे. प्रामाणिक ऋणकोला केवळ दारिद्र्यापायी तुरुंगात धाडता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले आहे.

नादारीच्या बाबतीत मात्र गाडी अडलेली आहे. २०१६ च्या नव्या संहितेत अगदी गरीब ऋणकोसाठी सोपी वाट आखली आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नसेल, तर त्याने नव्याने आरंभ करावा. वाट कागदावर आहे. सर्वसामान्य माणसासाठी ती अद्याप खुली झालेली नाही आणि मुंबईकराला आजही १९०९ च्या कायद्याकडेच पाहावे लागते.

गिरगाव, दादर, परळ येथील धर्मग्रामांत सैन्यातून परतलेली माणसे आहेत. कोणाची दृष्टी अधू झाली, कोणाचे हृदय, कोणाचे मन. पेन्शन आता बँकेत जमा होते आणि हप्ता त्याच खात्यातून परस्पर वळता होतो. दारातला सावकार दिसेनासा झाला, एवढेच. अशा घराला आपण सहानुभूतीचे चार शब्द देतो. त्याआधी त्याला विचारावे : वैद्यकीय मंडळाचा कागद जपून ठेवला आहे का? पेन्शन नाकारली असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबईतील खंडपीठाकडे दाद मागता येते, हे ठाऊक आहे का? हप्ते थकले असतील, तर दुसरे कर्ज काढण्यापूर्वी पतपेढीतील जाणत्या माणसाशी बोलला का?

शेठजींचा दिवा सर्वांना दिसे, म्हणून त्यांच्याभोवती माणसे जमत आणि वाट निघे. शिपाई लाजेने खोलीचे दार लावून घेतो. त्याच्या दारावर थाप मारणारा शेजारी हाच त्याचा दिवा.