झाडोऱ्यातली बंदूक

बाराबोर हा शब्द आमच्या उंद्रीत कुणालाही माहीत असतो. बारा कसले, असं विचारलं की मात्र माणसं एकमेकांकडे बघतात. उत्तर सोपं आहे. एक पौंड शिसं घ्यायचं, वितळवायचं आणि सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बाराबोर. म्हणून हा आकडा उलटा चालतो. वीसबोर ही बाराबोरपेक्षा बारीक, आणि आठबोर म्हणजे खांद्याला लावायची तोफच. मापाचं नाव गोळीवरून पडलं, बंदुकीवरून नाही. शिसं, बारूद आणि अंतर या तीन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, या प्रश्नावर माणसांनी आयुष्यं घालवली. त्यातला एक माणूस आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्यात फिरत होता.

त्याचं नाव कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. (ज्याने घोडा आपटून पेटणाऱ्या चापाचं पेटंट १८०७ मध्ये घेतलं तो स्कॉटलंडचा पाद्री अलेक्झांडर फॉर्सिथ वेगळा. आडनाव आणि बंदूक या दोनच गोष्टी समान.) हा जेम्स मध्य प्रांतात नेमाडचा बंदोबस्त अधिकारी होता. जळगाव जामोदच्या मागे जो सातपुडा उभा दिसतो, त्याच्या पलीकडे नेमाड. पचमढीत त्याने १८६२ मध्ये बांधलेला बायसन लॉज आजही पर्यटकांना दाखवतात. त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं आणि त्याच वर्षी, जेमतेम तिशी ओलांडलेली असताना, तो गेला. इतिहासवाले ते पुस्तक वाचतात, कारण त्यात गोंड, कोरकू, सागाची जंगलं, सगळं आहे. मला त्याचं आधीचं, १८६३ च्या सुमाराचं छोटं पुस्तक जास्त आवडतं. ते फक्त शिकारीच्या रायफलबद्दल आणि तिच्या गोळीबद्दल आहे.

त्याच्यापुढचा प्रश्न आज वाचताना मला अगदी ओळखीचा वाटतो. सैन्याने एक वस्तू एका कामासाठी बनवली आहे आणि लोक ती दुसऱ्याच कामाला वापरत आहेत. त्या काळातली सैन्याची रायफल म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड, जिच्या काडतुसांवरून १८५७ मध्ये भडका उडाला तीच. तिची नळी ३९ इंचांची. नळीच्या आत पीळदार खाचा, आणि त्या ७८ इंचांत एक वेढा घेतात, म्हणजे गोळी नळीतून सुटेपर्यंत अर्धा फेरा मारते. गोळी लांबट, जड आणि संथ. शेकडो यार्डांवर उभ्या असलेल्या शत्रूच्या रांगेवर मारायला ही रचना उत्तम. अंतर किती ते अधिकारी ओरडून सांगणार, शिपाई मागची पट्टी तेवढ्या खुणेवर सरकवणार, आणि गोळी कमानीसारखी वर चढून खाली उतरणार.

आता सातपुड्यातलं रान डोळ्यांपुढे आणा. किंवा आपलं ज्ञानगंगा घ्या. बुलढाणा, चिखली, मोताळा, खामगाव या तालुक्यांत पसरलेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं, १९९७ पासून अभयारण्य असलेलं जंगल. साग, सालई, धावडा, मध्ये बांबू, नाल्याकाठी गच्च झुडपं. पावसाळ्यानंतर इथे वीस पावलांवरचं सांबर दिसत नाही. सागाची पानं गळून गेली आणि पाणी मोजक्या डोहांत उरलं की मग दिसायला लागतं. म्हणून गोऱ्या साहेबांचा शिकारीचा हंगाम मार्च ते मे, ऐन उन्हात. तरीही चितळ दिसायचं ते दोन खोडांच्या फटीत, अर्धं उन्हात, अर्धं सावलीत, तीन-चार सेकंद. ते ऐंशी मीटरवर आहे की दीडशेवर, हे कोण सांगणार? उतारावर तर अंदाज हमखास चुकतो.

मी हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. हवेचा रोध सोडून द्या. गोळी सेकंदाला २७५ मीटर वेगाने निघाली आणि बंदूक १०० मीटरला नेमकी लावलेली असली, तर १५० मीटरवरच्या जनावराच्या बाबतीत ती नेमाच्या सुमारे अर्धा मीटर खाली जाते. अर्धा मीटर म्हणजे छाती चुकून पाय मोडणार. जनावर तीन पायांवर झुडपात शिरणार, आणि रक्ताचा माग काढत फिरायची वेळ येणार. तोच वेग ४५० मीटर केला, तर चूक एक वीतभर राहते. प्रत्यक्षात हवेमुळे दोन्ही आकडे वाढतात, पण मुद्दा तोच राहतो. झाडोऱ्यात अंतर ओळखता येत नाही, मग अंतर ओळखायची गरजच पडणार नाही अशी बंदूक हवी.

मग वेग वाढवायचा तर बारूद वाढवा. इथे अडचण येते. खाचांचा पीळ घट्ट असेल आणि मागून जोराचा धक्का बसला, तर मऊ शिशाची गोळी खाचांत फिरत नाही, खाचा कापून सरळ निघून जाते. फॉर्सिथचं उत्तर असं, की पीळच सैल करा. त्याच्या चौदाबोर रायफलीत खाचा उथळ आणि रुंद, आणि एक वेढा १०४ इंचांत. २६ इंचांच्या नळीत गोळी फक्त पाव फेरा मारते. गोळी पुन्हा जुन्या पद्धतीची गोल, बत्तीस ग्रॅमच्या आसपास वजनाची, पण मागे भरपूर बारूद. गोल गोळी हवेत लवकर मंदावते, दूरवर ती निरुपयोगी. फॉर्सिथला त्याची फिकीर नव्हती, कारण सातपुड्याच्या रानात दूरवर काही दिसतच नाही. दीडशे यार्डांपर्यंत गोळी जवळजवळ सपाट गेली की काम झालं. सगळं जग लांबट गोळीकडे चाललं असताना एक माणूस जागेचा विचार करून गोल गोळीकडे परत जातो, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंट समजणं म्हणतात, आणि ते फार थोड्यांना जमतं.

अर्थात त्याची बंदूक टिकली नाही. १८८० नंतर फ्रान्समध्ये धूर न करणारी बारूद निघाली आणि वीस वर्षांत सगळा खेळ बदलला. काळ्या बारुदीचा धूर दाट झाडीत तसाच लटकून राहायचा, शिकाऱ्याला आपण काय मारलं तेच दिसायचं नाही. नव्या बारुदीने धूर गेला, वेग दुप्पट झाला, गोळी बारीक झाली. जिम कॉर्बेटला १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल बक्षीस मिळाली ती रिग्बीची .२७५ रायफल याच नव्या पिढीतली, हलकी आणि डोंगरात दिवसभर खांद्यावर वागवता येणारी. तिकडे अमेरिकेत याच सुमाराला विंचेस्टरची १८९४ ची आखूड रायफल निघाली. ती हरणाच्या शिकारीची घरोघरची बंदूक झाली. जड, संथ गोळी काटक्या-फांद्या फोडत सरळ जाते, अशी तिथे पक्की समजूत होती. पुढे लोकांनी लाकडी काड्या रोवून चाचण्या घेतल्या, तेव्हा दिसलं की फांदीला लागलेली कुठलीही गोळी वळते. फांदी चुकवून फट शोधायची, एवढाच खरा उपाय.

इथपर्यंतचा इतिहास कुठल्याही शिकारीच्या पुस्तकात मिळतो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बंदूक निवडायची मुभा आहे. ती कुणाला होती?

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसने सुरुवातीच्या वर्षांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, गांधीजींनीही त्याच्यावर कडक टीका केली. त्याआधी सातच वर्षं, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. आपल्याकडचे फासेपारधी पुढे या कायद्यांच्या कचाट्यात सापडले. त्यांचं हत्यार म्हणजे तातीचे फासे. बैलाच्या आडोशाने काळविटाच्या कळपाजवळ सरकायचं, फासे मांडायचे आणि कळप त्यांच्याकडे वळवायचा. ना धूर, ना आवाज, ना अंतराचा हिशेब. साहेब मारायचा ती शिकार आणि पारधी धरायचा ती चोरी, असा फरक याच काळात कागदावर पक्का झाला. दोघांत कोण जनावराला जास्त ओळखत होतं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

हत्यार कुणाच्या हातात जाईल या भीतीने बंदुकांची मापंही ठरली. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० मापाच्या रायफली भारतात आणायला बंदी केली. जुन्या मार्टिनी-हेन्रीच्या गोळ्यांचं माप तेच होतं, आणि त्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडू नयेत हा हेतू. लंडनच्या कारागिरांनी लगेच .४७०, .४६५, .४७५ अशी नवी मापं काढली. जगभरच्या हत्तीच्या शिकारीत जे .४७० प्रसिद्ध झालं, त्याचं मूळ असं भारताच्या बंदोबस्तात आहे. स्वातंत्र्यानंतरही तोच विचार चालू राहिला. .३०३ हे सैन्याचं माप म्हणून सामान्य माणसाला नाही. मग ईशापूरच्या सरकारी कारखान्याने जवळपास त्याच सांगाड्याची, पण .३१५ मापाची रायफल बनवली.

आणि शेतकरी? १९५९ चा शस्त्र कायदा, कलम १३, पोटकलम ३. हे मी दोन-तीनदा वाचलं, कारण आधी विश्वास बसला नाही. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या खेळासाठी नागरिकाने परवाना मागितला, तर किमान वीस इंच नळीची, आत खाचा नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक. आणि खरोखर पिकाच्या राखणीसाठी मागितला तर ठासणीची बंदूक. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी एखादी गुळगुळीत नळीची. रायफल हवी तर वेगळं सबळ कारण दाखवा.

हे १९५९ साल आहे. रशियाने अवकाशात उपग्रह सोडून दोन वर्षं झालेली. आणि आपल्या संसदेने तुरीच्या राखणीसाठी जी बंदूक निवडली, ती फॉर्सिथच्याही मागची. त्याच्या बंदुकीत निदान पाव फेऱ्याच्या खाचा होत्या. इथे तोंडातून बारूद ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे किंवा गोळी टाकायची, गजाने ठासायची, टोपी बसवायची आणि मग घोडा चढवायचा. अंधारात, दवात ओल्या हातांनी. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून, तोवर रोह्यांचा कळप दुसऱ्याच्या शिवारात. खाचा नसल्याने एकच गोळी घातली तर पन्नास-साठ मीटरच्या पुढे ती कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि छर्रे घातले तर दोनशे किलोच्या रोह्याला ते फक्त जखमी करतात. कायद्याचा हेतू मला कळतो. एका बारानंतर रिकामी होणारी, शंभर मीटरवर निरुपयोगी असलेली बंदूक समाजाला कमी धोक्याची असते. पण जनावराच्या बाजूने पाहिलं तर हीच सगळ्यात क्रूर निवड ठरते.

पुढे मारणंच थांबलं, कागदावर तरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला परवान्यावर शिकार होती, हे आज फार जणांना माहीत नसतं. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. पीक खाणाऱ्या जनावरासाठी परवानगीची फट तेवढी राहिली, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने रोही आणि रानडुकरांपुरती ती परवानगी सोपी केली. परवानगी सोपी झाली तरी मारायचं कशाने, हा प्रश्न तिथेच राहिला. लोकांनी आपापली उत्तरं शोधली. सौर कुंपण, ज्याला सगळे झटका मशीन म्हणतात. फटाके. जुन्या साड्यांची वई. आणि काही ठिकाणी थेट मेन लाइनची उघडी तार, जिने विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसंही. डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ सुमारे तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. वाटेत रात्रीच्या अंधारात त्याने किती शेतं ओलांडली असतील, हे मनात आलं की मला आधी त्या तारा आठवतात.

मी बंदुकीच्या बाजूचा नाही. उंद्रीच्या प्रत्येक वावरात रायफल असावी असं मला मुळीच वाटत नाही. सौर कुंपण जिथे नीट लावलंय, वेलीझुडपं लागू न देता साफ ठेवलंय, तिथे ते काम करतं, आणि पुढचा पैसा तिथेच जावा. पण कुठल्या रानात, किती अंतरावर, कुठलं जनावर आणि कशासाठी, हे प्रश्न एका साहेबाने छंदासाठी इतके बारकाईने विचारले, आणि ज्याचं वर्षाचं पीक जातं त्याच्यासाठी ते कुणी विचारलेच नाहीत, हे डाचतं.

नात्यातल्या एका काकांकडे पिकाच्या राखणीचा जुना परवाना आहे. बंदूक वडिलांच्या वेळची, ठासणीची. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. तेव्हा तूर फुलोऱ्यात असते आणि हरभरा नुकताच वर आलेला असतो. फोन केला तेव्हा ते जागलीवर, माळ्यावरच होते. मागे कुणीतरी डबा बडवत होतं.

"बंदूक कुठी हाये, काका?"

"ठान्यात," ते म्हणाले. "अन् रोही वावरात. थांब, मंग बोलतो."