एकसष्टचे ज्येष्ठ मूळ

एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या शोधण्याचे उदाहरण भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणित-खंडात दिले आहे. या प्रकाराला भारतीय गणिती वर्गप्रकृती म्हणत. ज्या संख्येने गुणायचे ती प्रकृती, जिचा वर्ग गुणला जातो ते कनिष्ठ मूळ, जी मिळवायची ती क्षेप आणि अखेरीस येणाऱ्या वर्गाचे मूळ ते ज्येष्ठ मूळ. प्रकृती ६० असेल तर ४ व ३१ या मुळांनी भागते, ६२ असेल तर ८ व ६३ पुरतात. मधल्या ६१ ला मात्र, शून्याचे निरर्थक उत्तर वगळता, २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ यांहून लहान मुळेच नाहीत.

एवढी मोठी संख्या चाचपडत सापडणे अशक्यच होते. ६४ मधून ६१ वजा करता ३ उरतात, म्हणजे १ व ८ ही मुळे क्षेप ३ साठी चालतात. येथून चक्रवाल पद्धतीची, म्हणजे आलेल्या मुळांवर तीच क्रिया फिरून करण्याची, एक फेरी केली की ५ व ३९ ही मुळे आणि उणे ४ हा क्षेप मिळतो. मुळांना २ ने भागल्यास क्षेप उणे १ होतो, आणि पुढे ब्रह्मगुप्ताने ६२८ साली सांगितलेली भावना, म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगाने तिसरे काढण्याची कृती, वापरून प्रथम ३८०५ व २९७१८ ही पूर्णांक मुळे येतात आणि त्यांची त्यांच्याशीच भावना केली की अपेक्षित उत्तर हाती येते. म्हणूनच या ज्येष्ठ मुळातून १ वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची दुप्पट उरते आणि १ मिळवल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. संख्या अविभाज्यही नाही: ती १५२३ आणि ११,५९,७६३ यांचा गुणाकार आहे, आणि त्यांतला १५२३ हा वाटेतल्या एका अपूर्णांक मुळाचा अंश आहे.

चक्रवालाचे जनकत्व भास्कराचार्यांना देण्याचा प्रघात असला तरी तो बरोबर नाही, कारण १०७३ च्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव या गणितीच्या नावाने हीच पद्धत उद्धृत आहे. आणि ‘चक्रवाल’ हे नाव इतरांचे असल्याचे भास्कराचार्यही सुचवतात. पुढे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापल्याची नोंद तेथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात आहे.

१६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्माने, ही परंपरा ठाऊक नसताना, फ्रेनिक्लला हेच ६१ चे कोडे घातले, तेही फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या निवडल्याचे सांगून. यातला खोडसाळपणा उघड आहे. इंग्लंडमधील ब्राउंकरने अशा समीकरणांची रीत शोधली, पण ऑयलरच्या चुकीमुळे ती समीकरणे पेल या गणितीच्या नावावर रुजली. प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर नेहमी असतेच, हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा लाग्रांजच्या मृत्यूला चार वर्षे झाली होती.